खळ लावलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे आणि दाराचाही नव्हे, ज्याच्यावर सिनेमा पडतो तो. आधीच सांगून टाकतो, मला एका जागी स्वस्थ राहता येत नाही. झुळूक आली की मी हलतो, कुणी जवळून गेलं की हलतो, समोरची माणसं खो खो हसली तरी हलतो. लोक म्हणतात, पडद्यानं कसं गप उभं राहावं. माझ्याकडून ते आयुष्यात एकदाच झालं, आणि तीच गोष्ट सांगायची म्हणून मी कधीचा चुळबुळतो आहे.

माझा जन्म कबनूरचा, यंत्रमागावरचा. इचलकरंजीला खेटून असलेल्या त्या गावात दिवसभर मागांचा खडखडाट चालतो. तुम्हाला आईची अंगाई आठवत असेल, मला ती खटाखट आठवते. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पळत होता आणि त्या पळापळीतून मी वीत वीत वाढत होतो. जन्मच असा धावपळीतला, मग स्वभाव शांत कुठून येणार? खाण तशी माती.

जातीनं मी मांजरपाट. माझ्यासारख्या जाडसर कापडाच्या पिठाच्या पिशव्या होतात, गाद्यांच्या खोळी होतात. कोल्हापुरातल्या एका दुकानात मी गठ्ठ्यात पडून होतो आणि माझ्या नशिबी गादी येणार की गहू, याचाच घोर मला लागला होता. तेवढ्यात एक बाई आली. तिनं मला बोटांत चुरगाळलं, उजेडासमोर धरलं, तोंडाजवळ नेऊन माझ्यातून फुंकर मारून पाहिली. फुंकर आरपार गेली तशी ती दुकानदाराला म्हणाली, “हेच द्या. वारा खाणारं कापड पायजे मला.”

ती त्रिशला. शिवाजी पेठेत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. पेठेतल्या निम्म्या बायकांचं माप तिला तोंडपाठ आहे. पण तिचा जीव गुंतलेला सिनेमात. ती आणि तिच्यासारखी काही वेडी माणसं मिळून दर हिवाळ्यात तालमीमागच्या पटांगणात हौशी लघुपटांची स्पर्धा भरवतात. शाळामास्तर, औषधांच्या दुकानातला माणूस, गॅरेजवाला, असे सगळे कार्यकर्ते. मानधन कुणालाच नाही, मान मात्र भांडून घेतात. सिनेमे गोळा करायचे, खुर्च्या मांडायच्या, परीक्षकांना गाडीवरून आणायचं, लोकांना मोबाईल बंद करा म्हणून ओरडायचं, ही यांची हौस.

मी येण्याआधी हे सिनेमे तालमीच्या भिंतीवर दाखवत. त्या भिंतीवर दंतमंजनाची जुनी जाहिरात होती. कितीही चुना मारला तरी ती पुसली जात नव्हती. नायिका रडायला लागली की तिच्या गालावर ‘शुभ्र दात’ अशी अक्षरं उमटायची आणि लोक हसून बेजार व्हायचे. म्हणून त्रिशलानं तीन पन्हे जोडून मला शिवलं. जोड इतका सफाईदार की मलाच तो सापडत नाही. कडेनं दुहेरी पट्टी घातली आणि पट्टीत पितळी कड्या ठोकल्या. वरच्या कड्या दोरीनं बांबूला बांधायच्या, पण खालची दोन टोकं मात्र सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. वारा आला की ट्यूब थोडी ताणते आणि मी फाटत नाही. ही तिची युक्ती. मला ओढून ताणून गप्प बसवता येत नाही, थोडी मोकळीक द्यावी लागते, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

किती सिनेमे अंगावर घेतले मी! पहिली काही वर्षं तर प्रत्येक सिनेमात शेवटी कुणीतरी मरायचंच. मग ड्रोन आले आणि प्रत्येक सिनेमा पन्हाळ्याच्या तटबंदीवरून उडायला लागला. गोष्ट पेठेतल्या शिकवणीची असली तरी पन्हाळा हवाच. मी कुरकुर केली नाही. हौसेला मोल नसतं. लोक टाळ्या वाजवायचे त्या सिनेमाला. मला कुणी ‘छान उभा राहिलास’ म्हणाल्याचं आठवत नाही. स्पर्धा संपली की माझी घडी व्हायची आणि मी तालमीच्या माळ्यावर जायचो, लेझमी आणि हवा गेलेले फुटबॉल यांच्या शेजारी. वर्षभर अंधार. तिथं मी घडीतल्या घडीत कूस बदलत असायचो.

त्रिशलाचंही तसंच होतं, फक्त तिची घडी कुणी घातली नव्हती. सिनेमा चालू असताना ती माझ्या मागं उभी असायची. एक हात दोरीवर, नजर माझ्यावर. माझ्या मागून चित्र दिसतं, पण उलटं दिसतं. उजव्या हातानं जेवणारा डाव्या हातानं जेवतो, पाट्या उलट्या वाचाव्या लागतात. इतकी वर्षं तिनं सगळे सिनेमे उलटेच पाहिले. आणि दर वर्षी मला गुंडाळताना ती म्हणायची, “पुढच्या वर्षी मी माझा सिनेमा करतो.” आमच्या कोल्हापुरात बाईमाणूसही ‘मी करतो’ असंच म्हणतं, गैरसमज नको.

मग बाबासो तिला टोचायचे. बाबासो म्हणजे आमच्या कार्यकर्त्यांतले सगळ्यांत वडीलधारे, एकेकाळचे पैलवान. अजूनही पांढरंधोट धोतर, सदरा आणि फेटा. “दुसऱ्याच्या वरातीत नाचून पाय दुखाय लागलं तुझं,” ते म्हणायचे. “तुझा घोडा कधी यायचा?”

घोडा अडला होता तो तिनंच केलेल्या नियमापाशी. त्याचं असं झालं. एका वर्षी एका स्पर्धकानं चांगुलपणानं प्रोजेक्टरचं टेबल सरळ करून दिलं. दुसऱ्यानं लगेच तक्रार केली, की यानं स्वतःच्या सिनेमाला उजेड जास्त पाडून घेतला. फुटबॉलच्या मैदानावर पंचाशी भांडतात तसं सगळं पटांगण भांडलं. तेव्हा त्रिशलानं ठरवून टाकलं, स्पर्धकानं स्पर्धेच्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. ज्यानं हात लावला तो कार्यकर्ता, आणि कार्यकर्त्याचा सिनेमा स्पर्धेत नाही. सगळ्यांना पटलं. तिच्या हातांना मात्र काम सोडवत नव्हतं, म्हणून दर वर्षी तिचा सिनेमा राहत होता.

गेल्या वर्षी तिनं ते सोडलं. स्पर्धेच्या कितीतरी आधी ती बाबासोंकडे आली आणि उभ्याउभ्याच बोलली.

“मामा, यंदा मी कार्यकर्ता न्हाय. यंदा मी स्पर्धक हाय.”

“आणि पडदा?”

“पडदा तुमच्याकडं.”

बाबासोंचा चेहरा असा फुलला, की जणू त्यांनाच बक्षिसाची ढाल मिळाली. “सिनेमा झाला व्हय तुझा?” ते म्हणाले. “बास. पडद्याचं तू इसरून जा.”

तिच्या सिनेमाचं नाव होतं ‘माप’. गोष्ट एका शिवणाऱ्या बाईची. सगळ्या पेठेचं माप घेणाऱ्या या बाईचं स्वतःचं माप कधी कुणी घेतलेलं नसतं, कारण तिला नवं शिवायला सवडच नसते. बाईचं काम केलं होतं बनाबाईंनी. बनाबाई मंडईत भाजी विकतात, त्यांना अभिनय शिकवावा लागला नाही. दुकानाच्या वेळा सांभाळून, दर रविवारी, उसन्या कॅमेऱ्यावर, त्रिशलानं तो वर्षभर जोडला होता. हा सिनेमा स्पर्धेत उतरणं, कुणा जाणत्यानं तो तिच्या तोंडओळखीविना तोलून पाहणं, हे तिला हवं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ‘छान छान’ तिला नको होतं. मला हे ठाऊक होतं, कारण माळ्यावरून मला काढून देताना ती माझ्याशीच बोलली. “बघू तर,” ती म्हणाली, “आपलं नाणं खरं हाय का.”

आता बाबासोंनी काय करावं? मित्रांनो, प्रेमानं केलेल्या चुकीवर रागावताही येत नाही. पैलवानाला आपले कपडे जसे लागतात तसाच त्यांना पडदाही हवा होता. त्यांनी मला धुतलं, भरपूर निळीत बुडवलं आणि वर साबुदाण्याची खळ काढली. “नवरदेवागत दिसला पायजे आपला पडदा,” असं सगळ्यांना सांगत ते मला तालमीच्या गच्चीवर वाळत घालत होते. मी वाळलो तो पापडासारखा कडक होऊन. निळीचे ढग माझ्या अंगावर उमटले ते वेगळंच. पण खरी पंचाईत निराळी होती. माझ्या धाग्याधाग्यांतली मोकळी जागा खळीनं बुजली. ज्या फुंकरीवर त्रिशलानं मला निवडलं होतं, ती आता आरपार जाणार नव्हती. मी आतल्या आत घुसमटलो, पण पडद्याला तोंड कुठं असतं?

स्पर्धेच्या संध्याकाळी बाबासोंनी मला बांधलं ते लंगोट कसावा तसं. ट्यूबच्या पट्ट्या त्यांनी बाजूला टाकल्या. “ही लोंबती रबरं कशाला? गबाळं दिसतंय,” ते म्हणाले आणि खालची टोकंही दोरीनं खेचून बांधली. पन्हाळ्याकडून वारा सुटला होता. पटांगण भरलं. भडंगाच्या पुड्या फुटल्या. मी काठीसारखा ताठ उभा, आणि आतून मात्र थरथरत होतो.

त्रिशला दुसऱ्या रांगेत बसली होती, बनाबाईंच्या शेजारी. नवी साडी, हात मांडीवर. बसली म्हणजे नुसती टेकली होती. मान वळवून खुर्च्या मोजायची, मध्येच उठू लागायची, पुन्हा बसायची. पाय एकसारखा हलत होता. बनाबाई शेवटी वैतागल्या.

“गप बस की बाई. मुंग्या चावाल्यात काय तुला?”

“पडदा लई ताणलाय वो. आणि असा निळा का दिसालाय?”

“तुझा हाय का तो आज? मग?”

त्रिशलानं हात पुन्हा मांडीवर ठेवले. तिचं आणि माझं दुखणं तेव्हा एकच होतं. दोघंही कसून बांधलेले.

पहिला सिनेमा लग्नाचा होता. नवरीला हळद लावायचा प्रसंग आला आणि निळीवर पडून ती हळद हिरवीगार दिसली. सगळं पटांगण हसलं. डाव्या बांबूपाशी उभ्या असलेल्या बाबासोंनी उगाच फेटा सारखा केला. दोन-तीन सिनेमे असेच गेले. वारा वाढत होता. बांबू डुलायला लागले तसे बाबासो डाव्या बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे राहिले.

मग मुबशिराचा सिनेमा लागला. मुबशिरा कबनूरची, तिची ही पहिलीच खेप. पहिल्या रांगेत तिचे वडील लालासाब बसले होते, नवी टोपी घालून. सिनेमातही तेच होते, आपल्याच मागावर. आवाज सुरू झाला, खटाक खटाक, खटाक खटाक, आणि मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. माझी अंगाई होती ती. माझ्या अंगावर माग चालत होता आणि त्या मागावर माझ्यासारखंच कापड वीत वीत वाढत होतं. मी सावरू शकलो नाही आणि वाऱ्यालाही नेमकी तीच वेळ सापडली. तो माझ्या पाठीवर येऊन आदळला. आरपार जायला वाट नाही, ताणायला ट्यूब नाही. उजवीकडची खालची कडी पट्टी फाडून निघाली आणि माझं टोक फडफडू लागलं. लालासाबांचा चेहरा माझ्यावर चुरगळला, ताणला गेला, पुन्हा चुरगळला.

“अरे, काय चाललंय?” मागून कुणी ओरडलं. मुबशिरा कडेला उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. बाकीचे कार्यकर्ते पार मागं, प्रोजेक्टरपाशी. बाबासोंनी बांबू सोडला असता तर मी सगळाच लोकांच्या डोक्यावर आलो असतो. त्रिशला उभी राहिली.

बाबासोंनी तिला पाहिलं. “त्रिशला, बस खाली,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “हात लावू नको. तुझा सिनेमा हाय.”

ती क्षणभर थांबली. मला ते थांबणं दिसलं. तिच्या वर्षभराच्या सगळ्या रविवारांचं वजन त्यात होतं. मग ती वाकून, कुणाच्या डोळ्यांवर सावली पडू न देता, माझ्या मागं आली. माझं फाटकं टोक तिनं मुठीला गुंडाळलं आणि धरलं. खेचलं नाही. वारा आला की हात जरा पुढं सोडायची, गेला की मागं घ्यायची. ट्यूबच्या पट्टीनं करावं ते काम तिचा हात करत होता. मी सावरलो.

आणि वेळेवर सावरलो, कारण पुढचा प्रसंग सगळ्या सिनेमाचा प्राण होता. त्या सिनेमातली पोरगी रोज चालत्या मागापाशी उभी राहून आपल्या मनातलं बापाला सांगते. मागाच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नाही, म्हणूनच तिला धीर होतो. एके दिवशी ती सांगत असताना वीज जाते. माग थांबतो. “अब्बा, मला सिनेमा शिकाय पुण्याला जायचंय,” हे वाक्य त्या शांततेत उघडं पडतं. पोरगी घाबरते. माझ्यावर फक्त लालासाबांचा चेहरा. कपाळावर कापसाचा भुसा. पटांगणात कुणी भडंग खात नव्हतं.

“हे तू रोजच सांगतीस की,” तो चेहरा म्हणतो. “माग चालू असला तरी ओठ दिसत्यात मला.”

सिनेमा संपला. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत लालासाब मान खाली घालून टोपीची कड चाचपत बसले होते. त्रिशला अजून माझ्या मागं होती, मूठ न उघडता. तिनं तोही सिनेमा उलटाच पाहिला.

मग ती सरळ संयोजकांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, “माझा सिनेमा स्पर्धेतनं काढा.”

बाबासो बांबू दुसऱ्याच्या हाती देऊन धापा टाकत आले. “काय काढा? अंधार हुता. कुणी बघितलंय?”

“मी बघितलंय की मामा.”

“अगं, संकट आलतं. नियम काय असल्या वेळंला असतो व्हय?”

“असल्याच वेळंला असतो. त्या टेबलवाल्या पोरानं बी चांगल्यासाठीच हात लावलता.”

मुबशिरा रडवेली होऊन आली. “ताई, माझ्यामुळं झालं हे.”

“तुझ्यामुळं न्हाय गं,” त्रिशला म्हणाली. “साबुदाण्यामुळं.”

सगळे हसले. बाबासो हसले नाहीत. त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि बराच वेळ ते त्याची घडी करत राहिले. एवढा मोठा पैलवान, पण त्यांच्याकडे तेव्हा बघवत नव्हतं.

स्पर्धेतले सगळे सिनेमे झाले. परीक्षक निकालासाठी आत गेले. तेव्हा बाबासोंनी माईक घेतला आणि लोकांना सांगितलं, की आता एक सिनेमा दाखवतोय, त्याला बक्षीस नाही, तेव्हा ज्यांना घरी जायचं त्यांनी जावं. कुणी उठलं नाही. माझं फाटकं टोक आता मुबशिरानं धरलं होतं. त्रिशलाला बनाबाईंनी दंडाला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, लालासाबांच्या शेजारी. ‘माप’ सुरू झाला.

ती जेमतेम नावं येईपर्यंत बसली. मग पुन्हा वाकून, पुन्हा कुणाच्या डोळ्यांवर सावली न पाडता, ती माझ्या मागं आली.

“ताई, पुढं जावा की,” मुबशिरा कुजबुजली. “मी धरलाय न्हवं.”

“धर तू. मला हिकडनंच बघू दे. तिकडं कसंतरीच होतंय.”

तिनं तळहात माझ्या पाठीवर टेकला. समोर बनाबाई दुसऱ्यांच्या खांद्यांची, दंडांची, कमरांची मापं घेत होत्या आणि मागून त्रिशला ते उलटं पाहत होती. शेवटच्या प्रसंगात दुकानात एक गिऱ्हाईक बाई येते आणि गळ्यात टेप अडकवून म्हणते, ‘वळा जरा, आज तुमचं माप घेतो.’ बनाबाई वळतात, आणि कुणीतरी आपल्याला मोजतंय हे सोसेना म्हणून डोळे मिटून घेतात. त्रिशलानं माझ्या पाठीवरचा हात काढला नाही. वारा होता, मित्रांनो. खळ होती, फाटलेलं टोक होतं. मला हलायला सगळी कारणं होती. मी हललो नाही. कसा ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी तेवढाच वेळ गप उभा राहिलो.

मुबशिराला दुसरं बक्षीस मिळालं. त्रिशलाच्या सिनेमाविषयी परीक्षक काही बोलले नाहीत, कारण तो त्यांनी आतल्या खोलीत असल्यामुळे पाहिलाच नव्हता. तिचं नाणं खरं होतं का, हे तिला कळायचं राहूनच गेलं. घरी जाताना लोक ‘छान होता’ म्हणाले. तिला ते नको होतं, तरी तिनं हसून घेतलं.

आता पुन्हा हिवाळा जवळ आलाय. बाबासोंनी मला गरम पाण्यात तीनतीनदा बुडवून खळ काढली, नीळ मात्र पुरती गेलेली नाही. परवा त्रिशला माळ्यावर आली, माझं टोक नव्या पट्टीनं शिवलं, नवी कडी ठोकली आणि ट्यूबच्या पट्ट्या तपासल्या. कार्यकर्त्यांनी नियम बदलायचं ठरवलं होतं, तिनंच मोडता घातला. तोंडाजवळ नेऊन, फुंकर मारून तिनं मला पुन्हा एकदा पाहिलं. आरपार गेली. पण यंदा ती स्पर्धक म्हणून माझ्या पुढं बसणार की कार्यकर्ता म्हणून मागं उभी राहणार, ते काही बोलली नाही, आणि तेव्हापासून घडीतल्या घडीत माझी झोप उडाली आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. सिनेमा पाहायला तर या, पण तुमच्यातलं कुणीतरी जरा लवकर या. बांबूपाशी उभं राहा. ट्यूबची पट्टी कशी बांधायची ते त्रिशलाकडून स्पर्धेच्या आधीच्या रविवारी शिकून घ्या, अवघड नाही. खळ लावू नका, ओढू नका, वारा आला की हात थोडा सोडा आणि गेला की मागं घ्या. माझं टोक कुणाच्यातरी हातात आहे हे दिसलं, तर ती बसेल. तिला यंदा तरी माझ्या पुढं बसू द्या.